रुग्णाच्या उशाशी बसलेल्याची साक्ष

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी आहे, ज्याने मानवाला निर्माण केले, आजारासोबत त्यावरील उपायही निर्माण केला आणि तो उपाय शोधण्याची बुद्धी माणसाला दिली. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी आजाऱ्याची विचारपूस करणे हा एका मुस्लिमाचा दुसऱ्यावरील हक्क ठरविला.



सहीह मुस्लिममधील एक हदीस आपण अनेकदा ऐकली असेल. न्यायनिवाड्याच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला विचारील की मी आजारी होतो, तेव्हा तू माझ्या भेटीला का आला नाहीस? दास गोंधळून जाईल. सर्व विश्वांचा पालनकर्ता आजारी कसा पडेल? तेव्हा त्याला सांगितले जाईल की माझा अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला तिथेच भेटलो असतो.

या हदीसचा आशय सांगताना आपण बहुधा रुग्णाला भेटण्याचे पुण्य सांगून थांबतो. तथापि तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ज्या जागी अल्लाहची भेट होते, ती जागा सामान्य नव्हे. रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसणारी पत्नी, आई, मुलगी किंवा मुलगा अत्यंत सन्मानाच्या जागी बसलेला असतो. त्या जागेवरून त्याला जे दिसते, ते डॉक्टरांच्या फेरीत दिसत नाही आणि महापालिकेच्या अहवालातही उमटत नाही. औषध कुठे मिळाले नाही, कागद कुठे अडला, कोणत्या परिचारिकेच्या दोन शब्दांनी जीवात जीव आला, हे त्याला ठाऊक असते. आज आपल्याला विचार करायचा आहे तो याच प्रश्नाचा: जे पाहिले, त्याचे त्याने काय करावे? रुग्ण बरा झाला की ते विसरून जावे काय? की ती त्याच्याकडे असलेली एक अमानत आहे?

आपल्या वस्तीचे चित्र

वसई, नालासोपारा, विरार, नायगाव हा आपला परिसर. येथील सोपारा हे प्राचीन बंदर. अरब भूगोलकारांनी त्याचा उल्लेख 'सुबारा' असा केलेला आहे. ३ जुलै २००९ रोजी येथे महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेतच तिच्या हद्दीतील लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेलेली होती आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या चाळी व इमारती आपण रोज पाहतोच. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय, नालासोपाऱ्याचे तुळींज रुग्णालय, महापालिकेची आरोग्य केंद्रे आणि गल्लोगल्लीची खाजगी नर्सिंग होम्स यांच्यावर या लोकसंख्येचा भार आहे. आजार मोठा असला की मुंबई गाठावी लागते. पहाटेच्या विरार लोकलमध्ये फायलींची पिशवी छातीशी धरून, आजारी माणसाला गर्दीपासून वाचवीत नायर, केईएम किंवा टाटा रुग्णालयाकडे निघालेली माणसे आपल्यापैकी कोणी पाहिली नाहीत?

२३ एप्रिल २०२१ ची पहाट आपण विसरू शकत नाही. रमजानचा महिना होता, जुमाचा दिवस होता. कोरोनाची दुसरी लाट शिगेला पोहोचलेली असताना विरारमधील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि किमान तेरा रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांचे नातलग बाहेर होते. आत जाण्याची त्यांना मुभा नव्हती. आणि बाहेर उभ्या असलेल्याला कोणी काही विचारीतही नव्हते. मरण पावलेल्यांना अल्लाह आपल्या कृपेच्या छायेत घेवो. अशा दुर्घटनेनंतर चौकशी होते, नियम कडक होतात. परंतु ज्यांनी तेथे दिवस-रात्र काढले, त्या माणसांना काय दिसले होते, हे आधीच विचारण्याची सवय समाजात असती तर? हा प्रश्न कोणा एकावर बोट दाखविण्यासाठी नाही; तो आपणा सर्वांसाठी आहे.

सेवा करणारा मोहिमेबाहेर नसतो

बद्रच्या युद्धाचा प्रसंग आठवा. हिजरी सन २. सत्य आणि असत्य यांच्यातील ती निर्णायक वेळ होती. त्या वेळी माननीय उस्मान (रजि.) यांच्या पत्नी आणि प्रेषितांच्या कन्या माननीय रुकय्या (रजि.) अंथरुणाला खिळलेल्या होत्या. प्रेषितांनी (स.) उस्मान (रजि.) यांना मदीनेतच त्यांच्याजवळ थांबण्यास सांगितले. रुकय्या (रजि.) त्याच आजारात निवर्तल्या. पुढे प्रेषितांनी उस्मान (रजि.) यांना बद्रमध्ये प्रत्यक्ष सहभागी झालेल्याइतकाच मोबदला आणि युद्धप्राप्त संपत्तीत तितकाच वाटा दिला. हे सहीह बुखारीत नमूद आहे.

यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्णाजवळ थांबलेला माणूस मोहिमेतून बाहेर पडलेला मानला गेला नाही. तो मोहिमेतच होता. आपल्याकडे मात्र घरातील आजाऱ्याची सेवा करणारी स्त्री कामाधंद्यातून, समाजातून, मशिदीच्या चर्चांमधून हळूहळू पुसली जाते. तिला दुआ दिली जाते, तिचे मत मात्र कोणी विचारीत नाही. ज्याला प्रेषितांनी बद्रच्या वाटेकऱ्यांत मोजले, त्याला आपण कोणत्याही निर्णयात मोजत नाही!

एका स्त्रीची तक्रार आणि सात आकाशे

कुरआनची ५८ वी सूरह 'अल्-मुजादला' ही एका तक्रारीने सुरू होते. माननीय खौला बिन्त सालबा (रजि.) यांना त्यांच्या पतीने अज्ञानकाळातील प्रथेनुसार एक वाक्य उच्चारून वाऱ्यावर सोडले होते. वय झालेले, मुले लहान. त्या प्रेषितांकडे (स.) आल्या आणि आपले गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा मांडू लागल्या. माननीय आयेशा (रजि.) सांगतात की मी त्याच घरात होते, तरी तिचे काही शब्द मला ऐकू येत नव्हते, अल्लाहने मात्र ते सात आकाशांवरून ऐकले. त्या तक्रारीवर दिव्य आदेश अवतरला आणि जी प्रथा अनेक स्त्रियांचे जीवन उद्ध्वस्त करीत होती, ती कायमची बदलली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, खौला (रजि.) यांनी तक्रार मांडली म्हणून त्यांच्या सब्रमध्ये काही उणीव राहिली, असे कोणी म्हटले नाही. सब्र म्हणजे अन्यायापुढे तोंड बंद ठेवणे नव्हे. दुसरी, त्यांच्या एका गाऱ्हाण्याचा लाभ त्यांच्यापुरता राहिला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक स्त्रीला तो मिळाला. पुढे खलीफा असताना माननीय उमर (रजि.) यांना याच वृद्ध स्त्रीने रस्त्यात थांबविले, तेव्हा ते तिचे बोलणे संपेपर्यंत उभे राहिले. सोबतच्यांना आश्चर्य वाटले. जिचे म्हणणे अल्लाहने ऐकले, तिचे उमरने ऐकू नये काय, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ज्यांच्या हाती रुग्णालयाचा, विभागाचा किंवा संस्थेचा कारभार आहे, त्यांच्यासाठी हा धडा पुरेसा आहे.

माझी दडवलेली साक्ष

आता एक गोष्ट स्वतःची सांगतो. सांगताना संकोच वाटतो. परंतु इतरांना उपदेश करणाऱ्याने स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझे वडील एका रुग्णालयात होते. बरे होऊन घरी आले, तेव्हा औषधांची नवी यादी हाती मिळाली. रक्तदाबाची त्यांची जुनी गोळी घरी चालू होतीच. नव्या यादीतील एक गोळी वेगळ्या नावाची होती. मात्र आतील औषध तेच होते. घरी आधी काय चालू आहे, हे कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली आणि मला म्हणाली, "बेटा, वरची नावं निराळी आहेत, पण खालची बारीक अक्षरं दोन्हींवर सारखीच दिसतात." मी तिला म्हटले, "अम्मी, डॉक्टरांनी लिहून दिलंय, तुम्ही कशाला काळजी करता?" तिसऱ्या दिवशी अब्बा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. कपाळाला टाके पडले. आमच्या जुन्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे पाहिली आणि एक बंद केली.

आम्ही अल्लाहचे आभार मानले आणि विषय संपविला. त्या रुग्णालयावरून मी रोज जात होतो. आत जाऊन दोन शब्द सांगावेत, असे एकदाही वाटले नाही. कशाला वाईटपणा घ्यायचा, आपले कोण ऐकणार, जे झाले ती अल्लाहची मर्जी, अशी मनाची समजूत घातली. काही महिन्यांनी आमच्याच गल्लीतील एक वृद्ध गृहस्थ तेथूनच घरी आले आणि अगदी याच कारणाने पडले. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ते पुन्हा चालू शकले नाहीत. त्यांना पाहून आल्यावर अम्मी एवढेच म्हणाली, "तू तेव्हा जाऊन सांगितलं असतंस तर?"

त्या रात्री सूरह अल्-बकराची २८३ वी आयत माझ्यासमोर उभी राहिली. तिच्यात आदेश आहे की साक्ष लपवू नका आणि जो ती लपवितो त्याचे हृदय पापाने माखते. ही आयत व्यवहारातील देण्याघेण्याच्या संदर्भात आलेली आहे, हे मला ठाऊक होते. परंतु पैशांच्या बाबतीत साक्ष दडविणे इतके गंभीर असेल, तर माणसाच्या हाडामांसाच्या बाबतीत ते हलके कसे ठरेल? मी जे 'अल्लाहची मर्जी' म्हणून सोडून दिले होते, ती वास्तविक माझी जबाबदारी होती.

तकदीर आणि सल्लामसलत

अल्लाहच्या मर्जीचा हा प्रश्न माननीय उमर (रजि.) यांच्यासमोरही आला होता. ते शाम प्रांताकडे निघालेले असताना सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे साथ पसरली आहे. हा बहुधा हिजरी १८ च्या सुमाराचा प्रसंग. त्यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. प्रथम मुहाजिरांना बोलावले, मग अन्सारांना, मग कुरैशच्या वयोवृद्धांना. मते विभागली. शेवटी त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की होय, अल्लाहच्या एका तकदीरपासून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. एका बाजूला हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला उजाड जमीन असेल, तर उंट हिरवळीकडे नेणे हेही अल्लाहच्या तकदीरनेच होते.

या प्रसंगाचा शेवट आपण विशेष लक्षात ठेवावा. या सर्व चर्चेच्या वेळी माननीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) काही कामानिमित्त उपस्थित नव्हते. ते आले आणि म्हणाले की याविषयी माझ्याकडे ज्ञान आहे. साथीच्या ठिकाणी जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आली तर तेथून पळू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. निर्णायक गोष्ट एका अनुपस्थित माणसाजवळ होती. ते गप्प राहिले असते तर? निर्णय तर झालेलाच आहे, असे म्हणून मागे बसले असते तर?

कुरआनच्या ४२ व्या सूरहचे नावच 'अश्-शूरा' आहे. तिच्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांच्या गुणांत नमाज आणि दानासोबत परस्पर सल्लामसलतीने कारभार चालविणे हा गुण सांगितलेला आहे. ज्या कारभाराचा परिणाम सर्वांच्या प्राणांवर होतो, त्या कारभारात रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्थान नसावे, हे या आयतीच्या भावनेशी कसे जुळेल?

हे घडू शकते, घडलेले आहे

कोणी म्हणेल की या गोष्टी व्यासपीठावर शोभतात. प्रत्यक्षात सामान्यांचे कोण ऐकतो? त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातील उदाहरण आहे. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात 'लोकाधारित देखरेख व नियोजन' ही प्रक्रिया सुरू झाली. आरंभी जे पाच जिल्हे निवडले गेले, त्यांत अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे यांच्यासोबत ठाणे जिल्हाही होता. आपला वसई तालुका तेव्हा ठाण्यातच होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. पुण्याच्या 'साथी' या संस्थेने राज्य पातळीवर समन्वय केला. गावातील समिती लोकांना विचारून आरोग्य सेवेचे प्रगतिपुस्तक भरीत असे. डॉक्टर येतात काय, औषधे मिळतात काय, पैसे मागितले जातात काय? चांगल्या, मध्यम आणि वाईट सेवेसाठी वेगवेगळे रंग होते, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यासही निकाल कळावा. त्यानंतर जनसुनवाई होई. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर व अधिकारी, आणि मध्ये ते प्रगतिपुस्तक. बंद उपकेंद्रे उघडणे, बाहेरून औषधे आणायला लावण्याचे प्रमाण घटणे, बेकायदा पैसे घेणे थांबणे असे बदल या प्रक्रियेतून अनेक ठिकाणी झाले. आणखी एक लाभ झाला. मनुष्यबळ कमी आहे, औषधांचा पुरवठाच होत नाही, ही प्रामाणिक डॉक्टरांची अडचणही लोकांना प्रथमच कळली आणि मग लोकांनीच ती वरच्या कार्यालयांत मांडली.

दुसरे उदाहरण मुंबईचे. नंदिता वेंकटेशन या तरुण पत्रकाराला क्षयरोग झाला. उपचारातील इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने त्यांची श्रवणशक्ती गेली. त्या बऱ्या झाल्या. परंतु आपल्यामागून येणाऱ्या रुग्णांना त्यांनी विसरले नाही. बेडाक्विलिन हे गोळीचे औषध स्वस्तात मिळावे यासाठी, त्यांच्याप्रमाणेच श्रवणशक्ती गमावलेल्या दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले यांच्यासह त्यांनी औषध कंपनीच्या पेटंट-मुदतवाढीस भारतात आव्हान दिले. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि इतर कंपन्यांना हे औषध बनविण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्यांना स्वतःला ऐकू येत नव्हते, त्यांचे म्हणणे शेवटी ऐकले गेले.

तिसरे उदाहरण केरळचे. १९९३ साली कोझिकोड येथे असाध्य आजारांतील वेदना कमी करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत, जेथे मुस्लिम बांधवांची मोठी वस्ती आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हे काम उचलले. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी आठवड्यातील काही तास देऊन घरोघरी रुग्णांकडे जाऊ लागले. कोणाला कशाची गरज आहे, हे त्यांनी ठरविले आणि डॉक्टर-परिचारिका त्यांच्या सोबतीला आल्या. २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरणच जाहीर केले. आधी लोकांनी केले, मग शासनाने स्वीकारले.

आपण काय करावे?

ग्रामीण भागातील ती देखरेख आपल्या शहरी वस्तीत आपोआप येणार नाही. मात्र दारे येथेही आहेत. शासकीय रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समितीची तरतूद आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात गरीब वस्त्यांसाठी ५० ते १०० कुटुंबांमागे एका महिला आरोग्य समितीची योजना आहे. आपल्या भगिनींनी आशाताईंना भेटून आपल्या वस्तीत ही समिती आहे काय, तिच्या बैठका होतात काय, हे विचारावे. समिती असेल तर तिच्यात बसावे, नसेल तर तिची मागणी करावी. खाजगी नर्सिंग होम्सची नोंदणी महापालिकेकडे असते. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे त्यांना बंधनकारक आहे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. हे हक्क आहेत. कोणाचे उपकार नव्हेत.

दुसरे म्हणजे, आपल्या मशिदींनी यात पुढाकार घ्यावा. प्रेषितांच्या (स.) काळात मस्जिद-ए-नबवीच्या परिसरात माननीय रुफैदा (रजि.) यांचा तंबू होता. खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या माननीय साद बिन मुआज (रजि.) यांना तेथेच ठेवण्यात आले होते. मग महिन्यातून एकदा इशाच्या नमाजनंतर रुग्णांच्या नातलगांची बैठक आपल्या मशिदीत किंवा मदरशाच्या खोलीत का होऊ नये? स्त्रियांसाठी सोयीची वेळ ठेवावी, कारण सर्वाधिक सेवा त्याच करतात. वही ठेवावी. काय चांगले झाले, काय अडले, ते तारखेसह लिहावे. आणि ही बैठक केवळ मुस्लिमांची नसावी. वसईचे ख्रिस्ती बांधव, आपले हिंदू शेजारी, पूर्वेकडील आदिवासी पाड्यांतील माणसे त्याच रांगेत आपल्या मागेपुढे उभी असतात. सत्कर्मात व ईशपरायणतेत परस्परांना सहकार्य करा, हा सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीतील आदेश येथे लागू होतो.

तिसरे म्हणजे, साक्षीचे शिष्टाचार पाळावेत. सूरह अन्-निसाच्या १४८ व्या आयतीनुसार वाईट गोष्टीची उघड वाच्यता अल्लाहला आवडत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मात्र सूट आहे. म्हणजे तक्रारीचा हक्क आहे, बदनामीचा छंद नाही. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, अन्यथा अजाणतेपणी कोणाला इजा होते व मग पश्चात्ताप उरतो. मोबाइलवर आलेला रुग्णालयाविषयीचा प्रत्येक संदेश पुढे पाठविणारे या आयतीचा भंग करीत आहेत. रुग्णाचे गुपित हीही अमानत आहे. त्याच्या अनुमतीविना त्याचा आजार चारचौघांत सांगू नये. आणि डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणे हा तर उघड अत्याचार आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. परंतु श्रद्धावंताला रोखण्यासाठी अल्लाहचे भय पुरेसे असले पाहिजे. रात्रपाळीत तीस-तीस रुग्णांमागे धावणारी सिस्टर आपली शत्रू नाही. तिच्यावरील भार कमी व्हावा, हीही आपली साक्ष आहे. चांगले दिसेल तेव्हा तेही तितक्याच आवर्जून सांगावे, कारण जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही मानीत नाही, असा आशय हदीसमध्ये आला आहे.

निष्पत्ती आपल्या हाती नाही, साक्ष आहे

माझी गोष्ट अर्धी राहिली आहे. त्या वृद्ध शेजाऱ्यांना पाहून आल्यानंतर मी दुसऱ्या दिवशी त्या रुग्णालयात गेलो. अम्मीला सोबत घेतले. दोन्ही पाकिटे घेतली. भांडण केले नाही. तेथील वरिष्ठ डॉक्टरांसमोर अम्मीने ती पाकिटे पुन्हा शेजारी ठेवली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवले. ते काही वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चाची, हे आम्ही विचारायला हवं होतं." आज तेथे घरी सोडताना परिचारिका एक प्रश्न विचारते: घरी आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत? त्या घेऊन या, शेजारी ठेवून पाहू. एवढाच बदल. या एका प्रश्नाने किती जण पडण्यापासून वाचले, हे अल्लाहलाच ठाऊक. आमचे शेजारी मात्र पुन्हा उभे राहिले नाहीत आणि त्या दिरंगाईचे उत्तर मला अल्लाहसमोर द्यायचे आहे.

प्रत्येक ठिकाणी असे ऐकून घेणारे भेटतील, असे मी म्हणत नाही. कित्येकदा अर्ज धूळ खात पडेल, कित्येकदा अपमान होईल. त्यास सामोरे जाणे हाच तर सब्र आहे. सब्र तक्रारीच्या आधी संपत नाही. तक्रार घेऊन दारोदार फिरताना त्याची खरी परीक्षा होते. निष्पत्ती अल्लाहच्या हाती आहे. आपल्याला विचारले जाईल ते इतकेच: तुला दिसले होते, मग तू सांगितलेस काय?

सूरह अल्-माइदाच्या ३२ व्या आयतीत एका जीवाला वाचविणे म्हणजे जणू अखिल मानवजातीस वाचविणे, असा आशय आहे. आपण बहुतेक जण डॉक्टर नाही. आपल्या हाती औषध नाही, शस्त्रक्रियेचे कौशल्य नाही, निधी नाही. परंतु उशाशी बसून जे पाहिले ते आपल्या हाती आहे. ते पुढच्या रुग्णाच्या हक्काचे आहे. ते त्याच्यापर्यंत पोहोचवू या.

हे अल्लाह! आमच्या आजाऱ्यांना आरोग्य दे, त्यांची सेवा करणाऱ्यांच्या थकव्याला तुझ्याकडे अजर दे. डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवकांच्या हाताला यश दे आणि त्यांच्या मनाला ऐकून घेण्याची नम्रता दे. आम्हाला सत्य पाहण्याची, न्यायाने बोलण्याची आणि बोलून धैर्य राखण्याची शक्ती दे. ज्या साक्षी आम्ही भीतीने किंवा आळसाने दडविल्या, त्यांबद्दल आम्हाला क्षमा कर. आमीन.